सावलीची बाजू

वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूने हाकावं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकात येत नाही. तो आर.टी.ओ.च्या परीक्षेत येतो, आणि तिथे त्याचं उत्तर एका शब्दात असतं : डाव्या. का डाव्या, असं तिथल्या साहेबांना कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याला लायसन मिळत नाही.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला मात्र यात काही नवल वाटत नाही. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या वहीत डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे असायचं. पुढे मी बी.कॉम.ला गेलो, तर तिथे सर म्हणाले, डावी बाजू डेबिट, उजवी क्रेडिट. म्हणजे बरोब्बर उलटं. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आजोबा, कॉलेजात वही उलटी लिहितात."

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेरीज जुळते का त्यांची?"

"जुळते."

"मग लिहू देत."

इतकी स्वच्छ तत्त्वज्ञानाची व्याख्या मला पुढे कुठल्याही सरांकडून मिळाली नाही. बाजूला स्वतःची अशी काही पुण्याई नसते. सगळ्यांनी मिळून एक ठरवली आणि पाळली की झालं. स्वीडनने १९६७ सालच्या ३ सप्टेंबरला पहाटे पाच वाजता सगळ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. आदल्या रात्री जी बाजू चूक होती ती सकाळी बरोबर झाली. आमच्या बँकेत साधं काउंटर डावीकडचं उजवीकडे न्यायचं म्हटलं तरी युनियनची मीटिंग लागते, ही गोष्ट वेगळी.

इथवर हिशेब सोपा आहे. पण माल्टा नावाचं एक बेट आहे. तिथे रस्त्याला डावी, उजवी आणि शिवाय एक तिसरी बाजू असते. सावलीची.

आता बँकेतला क्लार्क माल्टात कसा, हे सांगायला हवं. आमची सौभाग्यवती नर्स आहे. तिला तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. मी बिनपगारी रजा टाकली आणि 'नर्सचा नवरा' या पदावर रुजू झालो. या पदाला पगार नाही, बढती नाही, पण काम ठरलेलं आहे : ड्युटीला सोडणं आणि ड्युटीहून आणणं. त्यासाठी एक जुनी मोटार घेतली. अशा रीतीने मी परदेशस्थ भारतीय झालो. माझं परदेशात असणं आणि ड्रायव्हर असणं यात फारसा फरक नव्हता.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रातला देश. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेच्या हद्दीत आख्खा देश बसवला तरी वर जागा उरेल. मुख्य बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सत्तावीस किलोमीटर. माणसं पाच लाखांवर आणि वाहनं चार लाखांवर. म्हणजे पाळण्यातली पोरं सोडली तर बाकी सगळे स्टिअरिंगला. वर्षाला सुमारे तीन हजार तास ऊन. १९६४ साली इंग्रजांनी या लोकांना स्वातंत्र्य दिलं. जाताना आपल्याकडे ठेवली तशीच डावी बाजू तिथेही ठेवून गेले.

भाषा अरबीच्या कुळातली, पण लिपी रोमन. आपल्या 'दुनिये'ला ते 'दिन्या' म्हणतात, एखाद्या दिनकरला गल्लीतून हाक मारावी तसं. आणि येता-जाता, वाक्याच्या आधी, वाक्याच्या नंतर आणि वाक्य नसलं तरीही, ते म्हणतात 'मेला'. या शब्दाचा अर्थ 'तर मग', 'अर्थात', 'हो तर', 'बरं' असा काहीही होतो. ड्युटीच्या पहिल्याच दिवशी शेजारची सिस्टर फोनवर "मेला, मेला" म्हणाली आणि आमची ही धावत पेशंटच्या खाटेपाशी गेली. पेशंट शांतपणे सूप पीत होता.

आता रस्ते. मोठे हमरस्ते अलीकडे बरे झाले आहेत, ते मान्य करायला हवं. २०१७ च्या निवडणुकीत सात वर्षांत सगळे रस्ते नवे करण्याचं आणि त्यावर सत्तर कोटी युरो खर्चण्याचं वचन दिलं गेलं होतं. पण आम्ही राहायचो ती गल्ली, आणि गावाबाहेरच्या शेतांमधल्या वाटा, या वचनाच्या पानावर बहुधा शेवटच्या रकान्यात होत्या. हे सगळं बेट पिवळट, मऊ चुनखडीच्या दगडाचं. घर त्याचं, देऊळ त्याचं, शेताचा बांध त्याचा. रस्त्यातली खडीही त्याचीच. ती चाकांनी घासून घासून गुळगुळीत होते. उन्हाळाभर पाऊस नाही. मग पहिली सर आली की गाडी शेवाळलेल्या घाटावरच्या पायरीसारखी सटकते. वर नळवाले खणून जातात, वीजवाले खणून जातात, आणि पूर्वी कोणी खणलं होतं ते पाहायला तिसरे कोणी खणतात. आमच्या गल्लीतल्या खड्ड्याची नोंद कुठल्याच खात्यावर नव्हती. बँकेत जी रक्कम कुणाची ते कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तो खड्डा सस्पेन्स खात्यातला होता.

बाहेरून आलेली मंडळी या रस्त्यांवर फार बोलतात. २०२१ च्या जनगणनेत माल्टात पाचांतला एकाहून अधिक माणूस परदेशी निघाला, तेव्हा बोलणाऱ्यांचा तुटवडा नाही. एका चहापानाला मी बसलो होतो. तीस वर्षं तिथे राहिलेले एक इंग्रज पेन्शनर तीस वर्षांचे खड्डे सांगत होते. एक इटालियन बाई सांगत होत्या की आमच्याकडे असं नसतं. आणि पुण्याहून आलेले एक इंजिनिअर या दोघांहून मोठ्या आवाजात तक्रार करत होते. मी त्यांच्याकडे आदराने पाहत राहिलो. पुण्याचा माणूस परक्या देशातल्या खड्ड्याला नावं ठेवतो याला नुसतं धैर्य पुरत नाही, थोडी विस्मृतीही लागते.

पण यात खरोखरच एक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या देशातल्या रस्त्याबद्दल तक्रार करायचा अधिकार आपल्याला किती? पाहुण्याने वरण अळणी म्हणू नये, हा आपला संस्कार. पण परदेशी नोकरदार हा धड पाहुणा नसतो. तो कर भरतो, भाडं भरतो, गाडीचा विमा भरतो. आणि तो घरचाही नसतो. माझ्या मते तो खानावळीतला मेंबर असतो. पैसे भरलेत, तेव्हा वरण पातळ आहे असं म्हणायला हरकत नाही. मात्र डाव त्याच्या हातात नाही, आणि आवडलं नाही तर पुढच्या महिन्यापासून तो दुसरी खानावळ बघू शकतो. मालकाच्या पोरांना ती सोय नसते. त्यांना तेच वरण जन्मभर. म्हणून मेंबराने तक्रार करावी, पण आवाज मालकाच्या पोरांच्या आवाजाहून थोडा खाली ठेवावा.

तिथल्या शेतांमधल्या वाटा एका गाडीपुरत्या असतात. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडांच्या भिंती. समोरून गाडी आली की दोन सभ्य माणसं एकमेकांकडे पाहतात, आणि जगातला सगळ्यात जुना नैतिक प्रश्न उभा राहतो : मागे कोणी घ्यायची? कायद्याच्या पुस्तकाचा इथे उपयोग नाही. दोघंही डावीकडेच आहेत, कारण वाटेला डावी सोडून दुसरं काही नाहीच. मी महिनाभर निरीक्षण करून काढलेला नियम असा : ज्याच्या मागे वळणाची जागा जवळ आहे त्याने मागे जावं. वय, हुद्दा, गाडीची किंमत, काही नाही. ज्याला सोपं पडतं त्याने करावं. समोरचा दिव्यांची उघडझाप करतो. आपल्याकडे डिपर मारला की त्याचा अर्थ 'मी येतोय, तू थांब.' तिथे बहुधा अर्थ असतो 'मी थांबलोय, तू ये.' एकच खूण आणि दोन संस्कृती. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंही बराच वेळ थांबून राहायचो, मग हसायचो.

डिंगली गावाजवळ उघड्या खडकात समांतर चाकोऱ्या कोरलेल्या आहेत. शब्दशः चाकोऱ्या. काही ठिकाणी चांगल्या गुडघाभर खोल. कुठे दोन एकत्र येतात, कुठे एकीच्या दोन होतात. एका इंग्रजाने त्यांना लंडनच्या एका गजबजलेल्या रेल्वे जंक्शनचं, क्लॅपहॅम जंक्शनचं नाव देऊन टाकलं, आणि तेच चालू राहिलं. त्या हजारो वर्षांपूर्वीच्या असाव्यात, पण नेमक्या कधीच्या, गाड्यांच्या की घसरपट्ट्यांच्या, आणि त्यांतून काय वाहून न्यायचे, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. एका किनाऱ्यावर तर अशी चाकोरी सरळ समुद्रात उतरते. वीस वर्षं चाकोरीतली नोकरी केलेला माणूस तिथे उभा राहिला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं. माझ्या मनात आलं, म्हणजे या बेटावर रस्ता आधी खराब होता, नियम मागून आला. डावीकडून चाला असं सांगायला इंग्रज येण्यापूर्वी कित्येक शतकं इथली माणसं आधीच्या माणसाच्या चाकाने पाडलेल्या खाचेतून जात होती. नियम दुसरा नव्हताच.

आता तिसऱ्या बाजूकडे येतो. माल्टाचे लोक ना डावीकडून चालवतात ना उजवीकडून, ते सावलीतून चालवतात, हा विनोद तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकवतात. मला वाटलं, आपल्याकडे पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर करतात तसला हा विनोद. तर तो विनोद नव्हता, वाहतुकीची सद्यःस्थिती होती. निदान आमच्या गल्लीत तरी. उंच घरं, अरुंद गल्ली, सकाळी एका अंगाला सावली, दुपारनंतर दुसऱ्या अंगाला. गाड्याही त्याप्रमाणे सकाळी इकडून आणि संध्याकाळी तिकडून. भर बाराला सावली जवळजवळ नसतेच, तेव्हा सगळे शिस्तीत डावीकडून.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. माल्टात पूर्वी जुन्या पिवळ्या बसगाड्या होत्या. बहुतेक खासगी मालकीच्या, आत संतांच्या तसबिरी, आपल्याकडच्या ट्रकसारख्या नटवलेल्या. २०११ च्या जुलैत त्या बंद झाल्या. आजोबांनी आयुष्यभर तसली बस चालवलेली. त्यांच्या दारासमोर भर सावलीत एक खुर्ची ठेवलेली असायची, आपली गाडी लावायची जागा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, त्याच वंशातली ही पद्धत.

मी त्यांना विचारलं, "आजोबा, कायदा डावीकडचा. मग सावलीतून का चालवता?"

ते म्हणाले, "मेला, कायदा कुणी लिहिला? इंग्रजाने. त्याच्या देशात ऊन आहे का? ज्याने ऊन पाहिलं नाही त्याने लिहिलेला कायदा आणि वर देवाने दिलेला सूर्य. कुणाचं ऐकायचं?"

हा युक्तिवाद कच्चा नाही. आपल्याकडचे कित्येक नियम असेच थंड हवेत लिहिलेले आहेत. भर मे महिन्यात काळा कोट घालून कोर्टात उभा राहिलेला वकील पाहिला की हे पटतं. शिवाय रस्त्याने स्वतःच आपला शब्द मोडलेला असताना चालवणाऱ्याने मात्र पाळावा, हे कितपत न्याय्य? डावीकडे खड्डा असला की सगळ्यात सज्जन माणूसही उजवीकडे जातो. आणि एकदा खड्ड्यासाठी गेलं की मग सावलीसाठी जायला काय हरकत? गैरव्यवहार असेच सुरू होतात. आमच्या बँकेत आधी पंधरा मिनिटं पावसामुळे उशीर होतो. मग पंधरा मिनिटं उरतात, पाऊस जातो.

मी हे सगळं तत्त्वज्ञान एका रात्री सौभाग्यवतीला ऐकवलं. ती नुकतीच ड्युटीहून आली होती. बूट काढता काढता म्हणाली, "अहो, तुम्ही रस्ता बघता. मी त्या रस्त्यावरून आमच्याकडे येणारी माणसं बघते. त्यांतली किती स्कूटरवरची असतात, ठाऊक आहे? मनगट, कॉलरबोन, गुडघा. आणि बरीचशी आपल्याच बाजूची पोरं."

ही पोरं म्हणजे घरोघर जेवण पोचवणारी. भारतातली, नेपाळातली. पाठीवर त्यांच्याहून मोठी पेटी. आमच्या गल्लीत येणारा एक मुलगा नांदेडकडचा निघाला. मराठी ऐकून त्याने हेल्मेट काढलं आणि मला काका केलं.

"काका," तो म्हणाला, "खड्डा चुकवायचा तर मधी यावं लागतंय. मधी आलो की गाडीवाला हॉर्न मारतोय. कडेनं गेलो तर समोरनं सावलीत घुसलेली गाडी येतीय. सांगा कुठून जायचं?"

नीतिशास्त्राचा पेपर मी दिलेला नाही, पण दिला असता तर त्यात याहून अवघड प्रश्न आला नसता. दोन ऑर्डरींच्या मधे तो एका भिंतीच्या सावलीत टेकायचा. तेवढ्यात एक मोटार यायची, सीट तापू नये म्हणून त्याच सावलीत लागायची, आणि तो पेटीसकट उन्हात सरकायचा. मोटारीतल्या माणसाच्या मनात काही वाईट नसे. त्याला तो मुलगा दिसलेलाच नसे. आत थंड हवेचं यंत्र चालू, काचा वर.

तिथे मला हिशेबातली खोट सापडली. डावी-उजवी ही नुसती वहीची बाजू आहे. ती आजोबांच्या वहीसारखी उलटी असली तरी चालेल, बेरीज जुळल्याशी कारण. सावलीचं तसं नाही. सावली ही बाजू नसून माल आहे, आणि तो मोजका आहे. गल्लीत वीतभर फुटपाथ, त्यावर बाजाराची पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका, बससाठी उभी असलेली माणसं, आणि पेटीवाला मुलगा. हे सगळे सावली धरून चालतात, कारण त्यांच्या डोक्यावर दुसरं छप्पर नाही. गाडीवाल्याच्या डोक्यावर पत्रा आहे. तो सावलीत शिरला की या सगळ्यांना उन्हात आणि गाड्यांच्या मधे जावं लागतं. तेव्हा नियम ठेवावा की मोडावा हा प्रश्न पुरेसा नाही. मोडल्याचा फायदा कुणाच्या खात्यात जमा होतो आणि नावे कुणाच्या पडतो, तेही पाहायला हवं. खड्डा चुकवायला स्कूटरवाला मधे आला तर त्याने स्वतःचा जीव वाचवला. मोटारवाला सावलीत गेला तर त्याने सीट थंड ठेवली. दोघांनी एकच नियम मोडला, पण या दोन नोंदी एका खात्यात घालणारा क्लार्क आमच्या बँकेत टिकणार नाही.

गंमत अशी की रस्ता चांगला झाला म्हणजे हा प्रश्न सुटतो असंही नाही. २०१९ साली अटार्ड गावाजवळ रस्ता रुंद करण्यासाठी पुष्कळ झाडं काढायची ठरली, तेव्हा लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. आधीच या बेटावर झाडं कमी, नदी एकही नाही. अधिकाऱ्यांचं म्हणणं, वाहतूक सुरळीत होईल, बदली झाडं लावू. लोकांचं म्हणणं, ही सावली वाढायला काही पिढ्या लागल्या आहेत. दोघांचंही आकडेशास्त्र आपापल्या जागी होतं. पण रस्त्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात डांबराला रकाना असतो, सावलीला नसतो. सावलीच उरली नाही की सगळी वाहनं मुकाट्याने डावीकडून जाणार, हा त्यातला एक फायदा म्हणता येईल. चालणारी माणसं कुठून जाणार, तेवढं विचारू नये.

जायच्या आधी एका संध्याकाळी मी हा सगळा हिशेब शेजारच्या आजोबांपुढे मांडला. नावे, जमा, पत्रा, पेटी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं ऊन पाहत राहिले. मग म्हणाले, "मेला."

याचा अर्थ 'बरोबर आहे' की 'बरं, मग काय?' हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जागा धरायची ती खुर्ची नेहमीसारखी सावलीत होती. आजोबांची गाडी पलीकडे उन्हात लागली होती. खुर्चीवर नांदेडचा मुलगा बसला होता, पायाशी पेटी ठेवून, पुढच्या ऑर्डरची वाट पाहत.